धातूची वस्तू

तुरुंगाच्या फाटकावरची धातू शोधणारी चौकट वाजली तेव्हा वकील असामानींनी मागे वळूनही पाहिलं नाही. पोटाखाली उतरलेल्या पट्ट्याच्या पितळी बक्कलावर थाप मारली आणि म्हणाले, "पट्टा!"

"पट्टाच असणार, सर. या, या," सार्जंट ओकुमो म्हणाला आणि वहीत त्यांच्या नावापुढे खूण केली.

त्यांच्यामागून माकू अंगमोर चौकटीतून गेली. चौकट वाजली. आवाज तोच, तेवढाच.

"मॅडम, मागे या."

माकू मागे आली नाही. पुढेही गेली नाही. चौकटीच्या पलीकडे एका पावलावर, काखेत फाइल धरून उभी राहिली. फाटकावरच्या घड्याळात बारा वाजायला वीस मिनिटं होती. वाळवंटाकडून येणाऱ्या हरमाटान वाऱ्याच्या धुळीने घड्याळाची काच पिवळी पडली होती. तिच्या अशिलाच्या, तेये ओसोमच्या, अपिलाचा आज शेवटचा दिवस होता. कागदांवर त्याची सही हवी होती, आणि कोर्टाची कचेरी चारला बंद व्हायची. तिथवरचा रस्ता दोन तासांचा. म्हणजे पावणेदोनला गाडी सुरू व्हायलाच हवी. नाही झाली, तर तेये होड्या बांधायच्या सोडून लाकूडचोरीच्या शिक्षेत आणखी चार वर्षं इथे दगड फोडणार.

"मॅडम, दोन मिनिटांचं काम," ओकुमो म्हणाला. "पडद्यामागे जा. जे काही असेल ते ट्रेमध्ये ठेवा."

"जे काही म्हणजे काय?"

"जे वाजतंय ते."

"वकीलसाहेबांचं काय वाजलं?"

"पट्टा."

"काढला?"

ओकुमोने असामानींकडे पाहिलं. असामानींनी छताकडे.

पडदा कोपऱ्यातल्या झाडू ठेवायच्या खोलीला लावला होता, आणि तो खालून हातभर आखूड होता. तीन महिन्यांपूर्वी कैद्यांच्या बराकीत एक फोन सापडला आणि ही चौकट आली. महिनाभरात तुरुंगातली एकुलती बाई शिपाई बाळंतपणाला गेली. तेव्हापासून रीत पडली ती अशी: चौकट वाजली की बाईने पडद्यामागे जायचं, अंगावरचं काढायचं, ट्रे पडद्याखालून बाहेर सरकवायचा. ओकुमो ती वस्तू उचलून बघणार, बाई उरलेल्या कपड्यांत पुन्हा चौकटीतून जाणार. चौकट गप्प राहिली तर आत.

माकूला हे पाठ होतं. पहिल्या खेपेला तिने गाडीत बसून नखं कापायच्या कात्रीने आतल्या कपड्यातली तार उसवून काढली होती. दुसऱ्या खेपेला कात्री नव्हती, तेव्हा तो कपडाच ट्रेमध्ये गेला. मग ती तासभर तेयेसमोर छातीशी फाइल धरून बसली होती. तेये बिचारा सगळा वेळ टेबलाकडे बघून बोलला. ते दिवस आईच्या मातीनंतरचे होते. एकवीस वर्षं कोर्टात भांडलेल्या बाईच्या अंगात त्या महिन्यात भांडणच नव्हतं.

आज ती तयारीने आली होती. तार नाही, केसांत पिना नाहीत, किल्ल्या गाडीत, अंगठी गाडीत. तरीही चौकट वाजली आणि कशाने वाजली हे तिला ऐकताक्षणी कळलं.

आई गेल्यावर चाळीसाव्या दिवशी देदेमावशीने मण्यांचं मडकं उघडलं होतं. ओडुमासेच्या बाजारात आईने पन्नास वर्षं मणी विकले. काचेचे, शिंपल्यांचे, जुन्या बाटल्या दळून भट्टीत भाजलेले. पण मडक्यातले मणी विकायचे नव्हते, ते तिच्या स्वतःच्या कमरेचे होते. तीन बहिणींत तीन सर वाटले गेले. माकूने शहरात गेल्यापासून कमरेला काही बांधलं नव्हतं. मावशीने तिला लहान मुलीसारखं समोर उभं केलं, सर बांधला, गाठ मारली आणि उरलेला दोरा दातांनी तोडला. "वर्ष सरेपर्यंत काढायचा नाही," एवढंच म्हणाली. सरात निळ्या मण्यांमध्ये एक पितळेचा मणी होता, अंगठ्याच्या नखाएवढा. बसताना तो उजव्या बाजूला हलकेच टोचायचा. माकूला त्याची सवय झाली होती. सवय हा शब्द बरोबर नव्हे. दिवसातून तीनचार वेळा ती त्याची वाट पाहायची.

"अहो माकू, कशाला उगाच," असामानी पलीकडून म्हणाले. "काढा नि मोकळ्या व्हा. माझी पण सुनावणी आहे दुपारी."

"तुम्ही पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवा. मग मी विचार करते."

"पँट खाली येईल हो माझी!"

"बघा. आता आपलं बोलणं एका पातळीवर आलं."

रांगेत कुणीतरी हसलं. ती सिस्टर लामिसी होती, दर आठवड्याला क्षयाच्या रोग्यांना औषध द्यायला येणारी नर्स. पांढरा गणवेश, हातात औषधांची पेटी. हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. तिच्यामागे मुलाला भेटायला आलेला एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून सगळं बघत होता.

असामानी आत निघून गेले. त्यांच्या पाठीकडे बघत माकू म्हणाली, "सार्जंट, माझ्या अंगावर एकच धातूची वस्तू आहे. ती मी काढून देते. पण आधी वहीत लिहा. काय वस्तू, कुणाची, अंगावर कुठे होती आणि कुणाच्या हातात दिली. खाली मी सही करते, शेजारी तुम्ही करा."

ओकुमोचा चेहरा उजळला. हे त्याच्या आवडीचं काम होतं. चर्चच्या सभांचं इतिवृत्त तोच लिहायचा आणि त्याचं अक्षर पाहून पाद्रीबाबा त्याला मुलांपुढे उभं करायचे. "लिहितोच आम्ही, मॅडम. माझ्या फाटकावर नोंदीशिवाय टाचणीसुद्धा हलत नाही." त्याने वही तिच्याकडे फिरवली. "बघा हवं तर."

माकूने पाहिली. निळ्या शाईच्या सरळ ओळी, पट्टीने आखलेले रकाने. तारीख, नाव, वस्तू, जमा, परत. बायकांच्या नावांपुढे एकच वस्तू पुन्हा पुन्हा होती: धातूची वस्तू, एक. शेवटच्या रकान्यात बहुतेकींच्या सह्या होत्या. पाच ओळींत तो रकाना रिकामा होता.

"या पाच जणींनी परत नेल्या नाहीत?"

"नाही नेल्या. मी खणात जपून ठेवल्यात. कुणी मागायलाच आलं नाही."

"धातूची वस्तू म्हणजे कुठली वस्तू?"

ओकुमोने पेनाचं टोपण लावलं. पुन्हा काढलं. "म्हणजे... धातूची."

"एवढं सुंदर अक्षर, आणि वस्तूचं नाव नाही?"

सिस्टर लामिसी हातातल्या पेटीच्या कडीकडे बघत होती. रिकाम्या रकान्याच्या तिसऱ्या ओळीत लामिसीचंच नाव होतं हे माकूला आठवलं आणि मग उरलेलं सगळं एका क्षणात उमगलं.

"खण उघडा, सार्जंट."

"तो सरकारी खण आहे."

"मी कोर्टाची वकील आहे. जमा मालाची पाहणी मागतेय. उघडा, नाहीतर वहीत लिहा की उघडला नाही."

ओकुमोने खण उघडला. लपवण्यासारखं काही केलं आहे असं त्याला वाटतच नव्हतं. त्याने एकेक पारदर्शक पिशवी काढून टेबलावर ओळीने मांडली. प्रत्येकीवर दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि तारीख. पिशव्यांत कमरेचे मणी होते. हिरवे, पांढरे, लाल, अधूनमधून पितळेचे. एक नव्या फॅशनचा, पेचाच्या पितळी कडीचा. पाच बायकांच्या कमरेचे पाच सर, कचेरीच्या टेबलावर, भर दुपारी.

म्हाताऱ्याने काठी उचलली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

नदीच्या दोन्ही काठांवर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की बाईच्या कमरेच्या मण्यांना तिच्या नवऱ्याखेरीज दुसऱ्या पुरुषाचा हात लागत नाही. लागला, तर एक मेंढी आणि दोन बाटल्या दारू घेऊन त्याने त्या नवऱ्याच्या दारात जायचं आणि थोरामोठ्यांसमोर पाय धरायचे. माकूने वकिलीच्या पहिल्या वर्षी असा एक खटला सरपंचांच्या बैठकीत चालवलाही होता. तिची आई तर विकतानाही कडक. पुरुष गिऱ्हाईक कमरेचे मणी मागू लागलं की ती भाव सांगायचीच नाही. आधी विचारायची, "कुणासाठी? नाव घे." नाव घेताना जो अडखळला त्याला तिने कधी माल दिला नाही.

माकूने पहिल्या पिशवीवर बोट ठेवलं. "हे कुणाचं? नाव घ्या."

"चिठ्ठीवर आहे, मॅडम."

"मला वाचता येतं. तुम्ही घ्या."

ओकुमोचे ओठ हलले. त्याने चिठ्ठी लिहिली होती, गाठ मारली होती, खणात आठवड्याच्या क्रमाने लावली होती. पण मोठ्याने नाव घ्यायची वेळ आली, तेव्हा गणवेशाच्या आतला माणूस पहिल्यांदा टेबलाकडे बघू लागला.

"मॅडम, ही सरकारची नोकरी आहे. ते सगळं... रीतीरिवाज... फाटकाच्या बाहेर. गणवेशात असताना मी पुरुष नसतो."

"हे तुमच्या बायकोला सांगितलंय?"

भिंतीकडे तोंड केलेल्या म्हाताऱ्याचे खांदे हलले.

"खरंच विचारते. हे पाच सर तुमच्याकडे आहेत हे घरी सांगितलंत?"

"नाही."

"का?"

तेवढ्यात सिस्टर लामिसी पुढे आली. तिने पेटी जमिनीवर ठेवली आणि तिसऱ्या पिशवीकडे हनुवटीने खूण केली. बोट लावलं नाही.

"तो माझा. त्या दिवशी रोगी अत्यवस्थ झाला, मी त्याच्याबरोबर मागच्या फाटकाने गाडीतून गेले. नंतर येऊन मागणार कशी? इथे पन्नास माणसं रांगेत. काय म्हणू? सार्जंट, माझे कमरेचे मणी द्या?" तिचा आवाज वर चढला नाही. "दोन आठवडे नवऱ्याला सांगतेय की दोरा तुटला, मणी ओवायला दिलेत. तो रोज विचारतो, कुठली बाई ओवतेय, इतकी हळू?"

"सिस्टर, मला कळलं असतं तर—"

"आणि माझा नवरा उत्तरेकडचा, सार्जंट. आमच्यात मेंढीवर भागत नाही. गाय लागते."

"पाच जणी," माकू म्हणाली. "चार मेंढ्या आणि एक गाय. आता माझा घेतलात तर तो सहावा. पण तो माझ्या आईचा आहे आणि आई अडीच महिन्यांपूर्वी गेली. मेलेल्या बाईच्या सराला हात लावला तर काय द्यायचं हे मला माहीत नाही. मावशीला विचारावं लागेल. ती ओडुमासेहून येईल. एकटी येणार नाही."

ओकुमो स्टुलावर बसला. फाटकावरचा माणूस ड्यूटीवर बसत नसतो, हे तोच नव्या शिपायांना शिकवायचा.

"मॅडम," तो हळू म्हणाला, "माझी अकरा महिन्यांनी पेन्शन आहे. मागच्या वेळी फोन सापडला तेव्हा फाटकावरच्या दोघांना घरी बसवलं. चौकट वाजली आणि मी सोडलं, उद्या आत काही सापडलं, तर? मी काय सांगू, बाईमाणूस होती म्हणून सोडलं?"

हे खोटं नव्हतं. माकूने त्याच्याकडे नीट पाहिलं. कॉलर उलटी करून शिवलेली, बुटांना आरशासारखी चकाकी. हा माणूस वाईट असता तर काम सोपं होतं. वाईट माणसाला दटावता येतं. हा पट्टीने रेघा आखणारा होता. त्याला सोडवायचं तर रेघेवरूनच सोडवायला हवं होतं.

"भाऊ," ती म्हणाली, आणि तो दचकला, कारण इतका वेळ ती सार्जंट म्हणत होती. "बाईची झडती बाईनेच घ्यायची, हा तुमच्याच खात्याचा नियम आहे. माझा नाही, माझ्या मावशीचा नाही. तुमच्याकडे बाई नाही, हा दोष तुमचा नाही. पण ते तुम्ही कुठे लिहिलंच नाहीत. दोन महिने रोज झाकलंत आणि झाकायला हा आखूड पडदा घेतलात. आता लिहा. चौकट वाजली. झडतीसाठी बाई कर्मचारी हजर नाही. वकिलाला आत सोडलं. वेळ. सही. उद्या कुणी विचारलं तर तुमची ओळ बोलेल. बाई कर्मचारी न देणाऱ्यांनी उत्तर द्यायचं."

"साहेब रागावतील."

"साहेब कुठे आहेत?"

"बैठकीला. जिल्ह्याला."

"मग आज फाटक कुणाचं?"

ओकुमो उठला. उठताना त्याने गणवेश खाली ओढून सरळ केला. "माझं," तो म्हणाला.

त्याने वही स्वतःकडे फिरवली आणि लिहायला घेतलं. घड्याळात बारा वाजून बारा मिनिटं झाली होती. माकूने त्याला घाई केली नाही. तीन ओळी. एक शब्द खोडला, त्यावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि शेजारी आद्याक्षरं घातली. मग मान वर करून विचारलं, "सिस्टरांचंही वाजेल?"

"माझ्या पेटीत कात्री आहे, चिमटे आहेत, सुया आहेत," लामिसी म्हणाली. "त्या कात्रीबद्दल मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही."

ओकुमोने दुसरी नोंद लिहिली. कात्रीचीही लिहिली. लिहिताना त्याचे कान लाल झाले होते.

"आणि हे?" त्याने पिशव्यांकडे न बघता विचारलं. "मी आता हात कसा लावू?"

"तुमच्या बायकोला बोलवा. क्वार्टर मागेच आहे ना? ती घरोघर नेऊन देईल."

"मॅडम, येशूच्या नावाने सांगतो, तिला नको."

"मी नेते," लामिसी म्हणाली. "पाचही घरं मला माहीत आहेत. आणि मेंढीचं मी तूर्त बोलणार नाही. पण जिची जी वस्तू तिला तुम्ही माफी लिहून द्याल. एवढं चांगलं अक्षर आहे."

"पाच चिठ्ठ्या?"

"पाच. आणि त्यात धातूची वस्तू लिहू नका."

म्हातारा आता उघड हसत होता, पण भिंतीकडे तोंड करूनच. लामिसीने पिशव्या औषधांच्या पेटीत ठेवल्या आणि पेटी काखोटीला मारली. माकू चौकटीतून पुन्हा गेली नाही, ती तर केव्हाची पलीकडेच उभी होती. तिने फक्त पाऊल पुढे टाकलं. तिच्यामागे सिस्टर लामिसी आली आणि चौकट अशी काही वाजली की बराकीतला कुत्रा भुंकू लागला. ओकुमोने वहीत वेळ घातली.

तेये ओसोम भेटीच्या खोलीत आधीच येऊन बसला होता. दारातून कोण येतंय हे न बघता त्याने टेबलाकडे नजर लावली, मागच्या वेळेसारखी.

"वर बघ," माकू म्हणाली. "आज सगळं ठीक आहे."

त्याने हळूच पाहिलं आणि मग खुर्ची जवळ ओढली. तिने फाइल टेबलावर उघडी पसरली. बारा पानं होती.

"शेवटच्या पानावर सही कर. इथे आणि इथे. आज चारच्या आत द्यायचंय."

तेयेने पहिलं पान उचललं. "मी वाचू?"

आत आल्यापासून तो वाचायला शिकला होता. आठवड्यातून दोनदा वर्ग भरायचा. अजून तो एकेका शब्दावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचा. माकूने मनात हिशेब केला. बारा पानं, पाऊण तास. फाटकावर तिने अर्धा तास घालवला होता. तो घालवला नसता तर आता हा हिशेब करावा लागला नसता. आणि घालवला नसता तर ती पुन्हा फाइल छातीशी धरून बसली असती.

"वाच," ती म्हणाली. "तुझे कागद आहेत."

तो वाचत राहिला. बाहेर कुणीतरी दगडांच्या ढिगावर पाणी मारत होतं. दुसरं पान, तिसरं, चौथं. माकूने घड्याळाकडे एकदाच बघितलं. सातव्या पानावर तेयेचं बोट थांबलं. ते मागे गेलं, पुन्हा त्याच ओळीवरून पुढे आलं.

"हे चुकलंय."

"काय?"

"इथे लिहिलंय, रखवालदाराने हाक मारली तेव्हा आरोपी पळाला." त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "मी पळालो नाही, मॅडम. मी चालत गेलो. खांद्यावर लाकूड होतं. लाकूड घेऊन कोण पळतं?"

माकूने ओळ वाचली. पहिल्या निकालपत्रातलं ते वाक्य तिने जसंच्या तसं उतरवलं होतं, आणि तो निकाल त्याच शब्दावर उभा होता: पळाला, म्हणजे चोर. चार महिन्यांत तिने हा खटला निदान दहा वेळा वाचला होता. त्यातले दोन महिने तिने काय वाचलं ते तिला आठवत नव्हतं.

"खांद्यावर लाकूड होतं हे कुणी पाहिलं?"

"रखवालदारानेच. त्याच्याच जबानीत आहे. लाकूड टाकलं नाही म्हणून तो माझ्यावर ओरडला."

तिने फाइलमधली जबानीची पानं उलटली. होतं. दुसऱ्या पानाच्या तळाशी, अर्ध्या ओळीत. कुणीही त्याचं काही केलं नव्हतं.

पेन काढून तिने 'पळाला' खोडलं आणि वर लिहिलं, 'खांद्यावर लाकूड घेऊन चालत गेला'. शेजारी तिने आद्याक्षरं घातली, त्यालाही घालायला लावली. मग समासात जबानीच्या पानाचा आकडा टाकला.

"आणखी काही?"

"उरलेलं वाचून सांगतो," तेये म्हणाला आणि आठव्या पानावर बोट ठेवलं.

दीड वाजता त्याने सही केली, दोन ठिकाणी, जीभ दातांत धरून. माकूने कागद फाइलमध्ये घातले, त्याचा हात हातात घेऊन दाबला आणि लांब पावलं टाकत गाडीकडे निघाली.